काढून टाकलेला प्रोग्रॅम मागे उरतो कसा?

लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम काढून टाकावा, काम झाल्याचे कमांडने सांगावे, आणि तरीही तो प्रोग्रॅम पूर्वीसारखाच चालू व्हावा, असे घडते. व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम काढणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. याच्या उलटही घडते. काढायचा असतो एक किरकोळ प्रोग्रॅम, आणि त्याच्यासोबत निम्मा डेस्कटॉप नाहीसा होतो. एका वेळी कमी निघते, दुसऱ्या वेळी नको तेवढे निघते. दोन्हींचे कारण एकच आहे: संगणकावरचे सॉफ्टवेअर सुटे सुटे राहत नाही, ते एकमेकांवर टेकलेले असते.

पुढचे विवेचन डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणालींना धरून आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स ही प्रणालीही डेबियनच्याच वंशातली, म्हणून तिलाही हे लागू पडते. कमांड येथे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या टर्मिनलच्या खिडकीत इंग्रजीच्या लहान अक्षरांत, शब्दाशब्दांत एकेक जागा सोडून टाइप करायच्या आणि एंटर दाबायचे.

१. फाइल पुसली तरी प्रोग्रॅम जात नाही

नवख्या माणसाला पहिली गोष्ट सुचते ती ही की प्रोग्रॅमचे फोल्डर शोधावे आणि पुसून टाकावे. लिनक्सवर बहुतेक प्रोग्रॅमना असे एकच फोल्डर नसते. प्रत्यक्ष चालणारी फाइल ‘यूएसआर’ फोल्डरातल्या ‘बिन’मध्ये जाते, तिला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना मिळून वापरता येणारे कोडचे भाग, ‘लिब’मध्ये जातात, आणि चित्रे, भाषांतरे व मदतीची पाने ‘शेअर’मध्ये. सगळ्या संगणकाला लागू असणारी सेटिंग ‘ईटीसी’ या वेगळ्याच फोल्डरात राहतात. एका मध्यम आकाराच्या प्रोग्रॅमच्या शेकडो फाइली अशा विखुरलेल्या असतात.

हा पसारा सांभाळता यावा म्हणून सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येते. पॅकेजमध्ये फाइली असतात, शिवाय पॅकेजचे नाव, आवृत्ती, त्याला आणखी कोणती पॅकेजे लागतात याची यादी, आणि बसवताना व काढताना चालवायच्या छोट्या स्क्रिप्टही असतात. पॅकेज बसले की त्याची प्रत्येक फाइल कुठे ठेवली याची नोंद होते. काढताना हीच नोंद उलट दिशेने वापरली जाते. आधी काढण्यापूर्वीची स्क्रिप्ट चालते, म्हणजे पाठीमागे सतत चालू असलेली एखादी सेवा असेल तर ती थांबवली जाते. मग नोंदीतल्या फाइली एकेक करून पुसल्या जातात आणि शेवटी आवराआवरीची स्क्रिप्ट चालते.

फाइली हाताने पुसल्या तर यातले काहीच होत नाही. नोंदीत पॅकेज बसलेलेच राहते. त्याची नवी आवृत्ती आली की संगणक ती इमानाने उतरवतो, आणि पुसलेल्या फाइली परत जागेवर येऊन बसतात.

२. डीपीकेजी आणि एपीटी

डेबियन प्रकल्प इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. पॅकेजे बसवण्या-काढण्याचे डीपीकेजी हे साधन १९९४ पासून त्याच्यासोबत आहे. डीपीकेजी आपल्यापुढचे पॅकेज तेवढे पाहते. एखादे पॅकेज काढायला सांगितले आणि दुसऱ्या कुणाला त्याची गरज असली, तर ते नकार देऊन थांबते. पुढे काय करायचे हे माणसाने ठरवायचे.

हे ठरवण्याचे काम फार किचकट होऊ लागले तेव्हा १९९८ मध्ये एपीटी आले. कोणाला काय लागते याचा हिशेब एपीटी स्वतः करते आणि प्रत्यक्ष उचलठेव डीपीकेजीकडून करून घेते. सुरुवातीला ते ‘एपीटी-गेट’ या कमांडने वापरले जाई. रोजच्या वापरासाठी ‘एपीटी’ ही आटोपशीर कमांड २०१४ मध्ये मिळाली. जुन्या पुस्तकांत एपीटी-गेट दिसते ते त्यामुळे. दोन्ही आजही चालतात.

एपीटीच्या या हुशारीत थोडा धोकाही आहे. डीपीकेजी जिथे अडून बसते, तिथे एपीटी मार्ग काढते. एखादे पॅकेज काढायचे आणि दुसरी चार त्याच्यावर अवलंबून आहेत, तर एपीटीचा मार्ग असा की ती चारही काढावीत.

३. आधी नाव शोधावे

मेनूत दिसणारे नाव आणि पॅकेजचे नाव एकच असेल असे नाही. उबुंटूच्या मेनूत ‘फाइल्स’ म्हणून दिसणाऱ्या प्रोग्रॅमच्या पॅकेजचे नाव नॉटिलस आहे. म्हणून काढण्याआधी ‘एपीटी लिस्ट’ आणि त्यापुढे, दोन आडव्या रेघा जोडून, ‘इन्स्टॉल्ड’ असे लिहिले की संगणकावर बसलेल्या सर्व पॅकेजांची यादी येते. ती हजारांच्या घरात असू शकते, त्यामुळे नुसती डोळ्यांनी चाळण्यात अर्थ नाही. एखादी फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे कळायला ‘डीपीकेजी’, आडवी रेघ, मोठे ‘एस’ आणि फाइलचा पूर्ण पत्ता द्यावा. उलट बाजूने, एका पॅकेजने कोणकोणत्या फाइली ठेवल्या ते मोठ्या ‘एस’ऐवजी मोठे ‘एल’ दिल्यावर दिसते. लहान आणि मोठ्या अक्षरांत येथे फरक पडतो.

४. काढण्याची कमांड

नाव हाती आले की कमांड सोपी आहे: ‘सुडो एपीटी रिमूव्ह व्हीएलसी’. सुडो म्हणजे पुढचे काम प्रशासकाच्या अधिकाराने करावे ही सूचना. संगणक पासवर्ड विचारतो. तो टाइप करताना पडद्यावर बरेचदा ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड बिघडला असे वाटते. तसे काही नसते, पासवर्ड पूर्ण करून एंटर दाबायचे.

एपीटी लगेच काही काढत नाही. आधी ते तीन गोष्टी सांगते: आता कोणती पॅकेजे बिनगरजेची होतील, कोणती काढली जातील, आणि एकूण किती जागा मोकळी होईल. मग पुढे जायचे का, असे विचारते. या प्रश्नात सहसा ‘वाय’ मोठे आणि ‘एन’ लहान छापलेले असते. त्याचा अर्थ असा की काहीच न लिहिता एंटर दाबले तर उत्तर ‘हो’ धरले जाईल. घाईत एंटर दाबण्याची सवय असलेल्यांनी एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

काढताना तो प्रोग्रॅम उघडा असला तर? लिनक्समध्ये उघडी फाइल पुसता येते. तिचे नाव फोल्डरातून जाते, पण चालू प्रोग्रॅमने ती धरून ठेवलेली असेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. म्हणून पॅकेज काढल्यावरही उघडी खिडकी काही काळ चालत राहते. खिडकी बंद केली की तो प्रोग्रॅम पुन्हा उघडत नाही.

व्हीएलसी मात्र खिडकी बंद करूनही पुन्हा उघडू शकतो. त्याचे कारण वेगळे आहे.

५. सामायिक विहीर

व्हीएलसी या नावाच्या पॅकेजमध्ये मुख्य प्रोग्रॅम नसतोच. तो ‘व्हीएलसी-बिन’ या दुसऱ्या पॅकेजमध्ये असतो, निरनिराळ्या प्रकारचे व्हिडिओ वाचणारे भाग आणखी वेगळ्या पॅकेजांत. व्हीएलसी हे नाव मागितले की ती सर्व ओढून आणली जातात, ही या पॅकेजची मुख्य कामगिरी. ते एकटे काढले तर ओढून आणलेली मंडळी जागेवरच राहतात.

ती का राहतात हे समजायला गावाकडची सामायिक विहीर आठवावी. एका विहिरीवर चार शेते भिजतात. त्यातल्या एकाने शेत विकले म्हणून कोणी विहीर बुजवत नाही, बाकीच्या तिघांना पाणी लागतेच. चारही शेते गेली तर विहीर ओस पडते आणि तेव्हा ती बुजवायला हरकत नसते. पण कोणी आधी विहीरच बुजवली, तर चारही शेते वाळतात.

पॅकेजांचे नाते नेमके असेच आहे, आणि काढण्याचे परिणाम दोन दिशांना जातात. लायब्ररी ही विहीर, तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम ही शेते. प्रोग्रॅम काढला तर लायब्ररी राहते, कारण ती आणखी कोणाला लागत असेल. लायब्ररी काढायला सांगितली तर तिच्यावरचे सगळे प्रोग्रॅम एपीटी तिच्यासोबत काढते, कारण तिच्याशिवाय ते चालणारच नाहीत. पहिल्या दिशेने कचरा साठतो, दुसऱ्या दिशेने अपघात होतात.

ओस पडलेल्या विहिरी शोधण्याचे काम ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ही कमांड करते. त्यासाठी एपीटी प्रत्येक पॅकेजबद्दल एक खूण जपून ठेवते: हे माणसाने नाव घेऊन मागवले होते की दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आले होते. आपोआप आलेले आणि आता कोणालाच न लागणारे पॅकेज ऑटोरिमूव्हच्या यादीत जाते. माणसाने मागवलेल्याला ते हात लावत नाही. व्हीएलसी काढल्यावर ऑटोरिमूव्ह चालवले की त्याचे उरलेले भागही निघतात, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला ते लागत नसतील तर. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह व्हीएलसी’ असे एकत्र लिहूनही दोन्ही कामे होतात.

ही खूण कधी कधी दगा देते. एखादे साधन आपोआप आलेले असते, पण मालकाला ते आवडते आणि रोज वापरातही असते. संगणकाच्या लेखी ते तरीही बिनगरजेचेच. अशा वेळी ‘सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल’ आणि पुढे पॅकेजचे नाव असे लिहिले की ते माणसाने मागवलेल्यांच्या रांगेत जाते.

६. पर्ज म्हणजे काय जास्त निघते

रिमूव्ह केल्यावर प्रोग्रॅमच्या फाइली जातात, पण ‘ईटीसी’मधली सेटिंग मुद्दाम ठेवली जातात. यामागे विचार आहे. अपाचे हा वेब सर्व्हर कोणी तात्पुरता काढला आणि महिन्याने पुन्हा बसवला, तर कष्टाने केलेली जुळवाजुळव वाया जाऊ नये. डीपीकेजीच्या यादीत अशा पॅकेजांपुढे ‘आरसी’ ही दोन अक्षरे दिसतात: पॅकेज काढले, सेटिंग शिल्लक. व्यवस्थित बसलेल्या पॅकेजापुढे दोन ‘आय’ असतात.

सेटिंगही नको असतील तर रिमूव्हच्या जागी ‘पर्ज’ लिहायचे. आधी रिमूव्ह केलेले पॅकेज नंतर पर्ज करता येते. सेटिंगच्या फाइली सहसा काही किलोबाइटच्या असतात, तेव्हा जागा वाचवण्यासाठी पर्ज करण्यात फारसा लाभ नाही. सेटिंग बिघडली म्हणून नव्याने सुरुवात करायची असेल तर मात्र पर्जच हवे, कारण रिमूव्ह करून पुन्हा बसवल्यास जुनी बिघडलेली सेटिंग जशीच्या तशी परत वापरात येते. डेटाबेसच्या बाबतीत जरा जपून राहावे. मारियाडीबीसारखे पॅकेज पर्ज करताना, साठवलेली माहितीही पुसायची का, असा प्रश्न येतो. त्याला ‘हो’ म्हटले तर ती माहिती गेली.

आणि पर्जसुद्धा एका जागी थांबते. वापरणाऱ्याच्या ‘होम’ फोल्डरात प्रोग्रॅमने स्वतः तयार केलेल्या फाइली, म्हणजे ब्राउझरमधले बुकमार्क, व्हीएलसीमधली आवडती मांडणी वगैरे, पॅकेजच्या नोंदीत कधीच नव्हत्या. एकाच संगणकावर चार जण काम करत असतील तर प्रत्येकाचा असा वेगळा संच असतो, आणि त्याला हात लावण्याचा अधिकार पॅकेजला दिलेला नाही. हे धोरण शहाणपणाचे आहे. त्या फाइली बहुधा टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांत, विशेषतः ‘टिंब-कॉन्फिग’ आणि ‘टिंब-कॅश’मध्ये सापडतात. त्या ज्याच्या त्याने हाताने पुसायच्या.

७. यादी वाचणे

या सगळ्या प्रकरणात खरे कौशल्य कमांड पाठ करण्याचे नाही, ‘काढली जातील’ या मथळ्याखालची यादी वाचण्याचे आहे. एक पॅकेज सांगितले आणि यादीत तीन नावे आली, ती ओळखीची वाटली, तर पुढे जावे. एक सांगितले आणि साठ आली, तर नुकतीच एखादी विहीर बुजवायला सांगितली गेली आहे.

याचे ठरलेले उदाहरण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे. एखादा विद्यार्थी पायथनची नवी आवृत्ती बसवतो आणि जुनी काढण्यासाठी ‘सुडो एपीटी रिमूव्ह पायथन३’ लिहितो. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधने त्याच पायथनमध्ये लिहिलेली आहेत. यादीत डेस्कटॉपचे भाग येतात आणि ‘वाय’ दाबले की पुढच्या वेळी संगणक सुरू होतो तो फक्त काळ्या पडद्यावर. प्रणालीसोबत आलेले पायथन काढायचे नसते, नवी आवृत्ती त्याच्या शेजारी ठेवायची असते.

तारांकनही असेच अंगाशी येते. लिबरऑफिसचे सर्व भाग काढण्यासाठी नावापुढे तारांकन लावण्याची पद्धत आहे, म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारी सगळी पॅकेजे निवडली जातात. लिबरऑफिस हे नाव लांबलचक आणि खास असल्याने तिथे निभावते. दोन-तीन अक्षरांपुढे तारांकन लावले तर काय काय जाळ्यात येईल ते सांगता येत नाही.

यादी डावलल्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग नोव्हेंबर २०२१ मधला आहे. कॅनडातले प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन उबुंटूवर बेतलेल्या पॉप ओएसवर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवत होते. पॅकेजांच्या भांडारातल्या एका चुकीमुळे स्टीमची गरज भागवायला डेस्कटॉप काढावा लागेल, असा हिशेब एपीटीने केला. अत्यावश्यक पॅकेजे निघत असल्याचा इशारा त्याने दिला, आणि पुढे जायचे असेल तर ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे पूर्ण इंग्रजी वाक्य टाइप करायला सांगितले. त्यांनी ते टाइप केले. डेस्कटॉप गेला, आणि हे सारे लाखो प्रेक्षकांनी व्हिडिओत पाहिले. त्यानंतर एपीटीमध्ये अत्यावश्यक पॅकेजे काढण्याची वाट आणखी अवघड करण्यात आली. येथे कमांड काढण्याची नव्हती, बसवण्याची होती, हे विशेष. बसवतानाही काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी येऊ शकते आणि तीही वाचावी लागते. २०२५ मध्ये आलेल्या एपीटीच्या तिसऱ्या आवृत्तीत काढली जाणारी नावे लाल रंगात दिसतात, त्यामुळे वाचणे सोपे झाले आहे.

खात्री नसेल तर रंगीत तालीम करता येते. ‘एपीटी रिमूव्ह’ या शब्दांनंतर आडवी रेघ व लहान ‘एस’ आणि मग पॅकेजचे नाव लिहिले की काय काय निघेल ते दिसते, प्रत्यक्षात काहीच निघत नाही. त्यासाठी सुडोही लागत नाही. नको ते निघून गेलेच, तर ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’मध्ये, ‘एपीटी’ नावाखाली ‘हिस्टरी’ची फाइल असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कमांडने कोणती पॅकेजे काढली हे तिथे लिहिलेले असते. ती नावे पाहून परत बसवता येतात.

८. तरीही जागा मोकळी का होत नाही

जागेसाठी पॅकेजे काढणाऱ्यांची दोन ठिकाणी निराशा होते. एक, उतरवलेल्या पॅकेजांच्या मूळ फाइली. त्या ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘कॅश’मध्ये साठून राहू शकतात आणि पॅकेज काढल्याने त्या जात नाहीत. ‘सुडो एपीटी क्लीन’ या कमांडने त्या पुसल्या जातात. त्याने बसलेल्या प्रोग्रॅमना काहीही होत नाही.

दुसरे, जुने कर्नल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या. प्रणाली अद्ययावत होताना नवा कर्नल येतो आणि जुना लगेच जात नाही, कारण नव्याने दगा दिला तर जुन्यावरून संगणक सुरू करता यावा. ज्यांनी ‘बूट’साठी वेगळा छोटा भाग राखला आहे, त्यांच्याकडे तो भरून जातो आणि पुढचे अद्ययावतीकरण अडते. ऑटोरिमूव्ह जुने कर्नल काढते आणि सध्या चालू असलेला राखते. कर्नल हाताने निवडून काढण्यापेक्षा हे काम त्याच्याकडे सोपवावे.

काढताना ‘कुलूप मिळाले नाही’ अशा अर्थाची चूक दिसली, तर पॅकेजांचे दुसरे काही काम त्याच वेळी चालू आहे. बहुधा संगणक पाठीमागे स्वतःच अद्ययावत होत असतो. थोडे थांबावे. कुलपाची फाइलच पुसा, असा सल्ला सर्रास दिला जातो, पण दोन कामे एकाच वेळी नोंदीत लिहू लागली तर नोंद बिघडते. वीज जाऊन काम अर्धवट राहिले असेल, तर ‘सुडो डीपीकेजी’पुढे, दोन आडव्या रेघा जोडून, ‘कॉन्फिगर’ आणि एक जागा सोडून आडवी रेघ व लहान ‘ए’ असे लिहिल्यावर अडलेली पॅकेजे मार्गी लागतात.

९. एपीटीच्या हद्दीबाहेर

संगणकावरचे सगळेच सॉफ्टवेअर एपीटीने आणलेले नसते. ज्याने आणले त्यानेच काढायचे, हा नियम. उबुंटूवर फायरफॉक्स हा ब्राउझर आता स्नॅप या वेगळ्या पद्धतीच्या पॅकेजच्या रूपात येतो, तो ‘स्नॅप रिमूव्ह’ने निघतो. स्नॅप काढताना त्याच्या माहितीची एक प्रत सहसा ३१ दिवस ठेवली जाते, ती नको असेल तर त्याच कमांडमध्ये दोन आडव्या रेघा जोडून ‘पर्ज’ लिहावे. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पद्धतीसाठी ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल’. पायथनचे सुटे भाग ‘पिप अनइन्स्टॉल’ने जातात, पण त्यांच्यासाठी आलेले भाग पिप मागे सोडते. त्यांना शोधणारी ऑटोरिमूव्हसारखी सोय त्यात नाही.

दुसऱ्या प्रणालींत शब्द बदलतात, हिशेब तोच राहतो. फेडोरावर ‘डीएनएफ रिमूव्ह’ बिनगरजेची झालेली पॅकेजे सहसा त्याच फेरीत काढते. आर्च लिनक्सवर ‘पॅकमन’सोबत मोठे ‘आर’ दिले तर एकटे पॅकेज निघते, त्याला लहान ‘एस’ जोडले तर ओस पडलेलेही निघतात. मॅकवर होमब्रू वापरणारे ‘ब्रू अनइन्स्टॉल’ लिहितात, विंडोजवर ‘विनगेट अनइन्स्टॉल’ चालते.

मूळ कोड उतरवून स्वतः बांधलेला प्रोग्रॅम या सर्वांच्या पलीकडे आहे. ‘मेक इन्स्टॉल’ने त्याच्या फाइली जागोजागी ठेवल्या जातात, पण कोणत्याही पॅकेजव्यवस्थेकडे त्याची नोंद होत नाही. लिहिणाऱ्याने ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय केली असेल आणि कोडचे ते फोल्डर अजून जपलेले असेल, तर त्या फोल्डरात जाऊन ती कमांड द्यायची. नाहीतर ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’ या फोल्डरात, जिथे असे प्रोग्रॅम रीतीप्रमाणे बसतात, एकेक फाइल हुडकून काढावी लागते.